नुसती पोरगी

"ती पांढरी गोळी द्या बीपीची," म्हातारबाबा म्हणाले, आणि मी पुस्तकात बोट घालून उठले.

दुकानात पांढऱ्या गोळ्यांनी कपाटंच्या कपाटं भरलेली. जुनं पाकीट आणलंय का विचारलं, तर ते नातवानं खेळायला घेतलं म्हणाले. मग डॉक्टर कुठले, सकाळी घेता की संध्याकाळी, गोळी केवढी असते, असं विचारत विचारत एकदाची सापडली. बाबा गेले. मी परत बसले तेव्हा बोट पानावरच होतं, पण कुठल्या ओळीवर थांबले होते ते डोक्यातून गेलं होतं. ते पान मी त्या दिवशी सकाळपासून वाचत होते. अडुळशाच्या पानावरची रंध्रं कुठल्या प्रकारची आणि धोतऱ्याच्या पानावरची कुठल्या, एवढंच त्या पानावर होतं.

फार्मसीची पदवी घेतल्यावर पुढं एम.फार्म. करायचं तर जीपॅट नावाची परीक्षा द्यावी लागते. पास झालं की सरकारकडून दरमहा शिष्यवृत्ती मिळते, चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळतो. माझी ती तिसरी खेप होती. पहिल्या वर्षी लग्न नवीन होतं, अभ्यास झालाच नाही. दुसऱ्या वर्षी पास झाले. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, साऱ्या गल्लीत पेढे वाटले आणि मग मला समोर बसवून विचारलं, "आता तू गेलीस तर दुकान कुणाच्या नावावर चालवायचं, पोरी?"

हे नीट सांगायला हवं. मेडिकल दुकानाचं लायसन्स मिळतं ते फार्मसी शिकलेल्या माणसाच्या जोरावर. आप्पांचं दुकान विट्यात बसस्टँडजवळ, जुनं आणि चालतं, पण घरात फार्मसी कुणाचीच नाही. माझ्या नवऱ्यानं, रणजितनं, डिप्लोमाला दोनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि नाद सोडला. धाकटा इंद्रजित शेतीच्या अवजारांच्या धंद्यात पडला. आप्पांनी पुष्कळ वर्षं कुणा परगावच्या माणसाचं सर्टिफिकेट भाड्यानं लावलं होतं. तो माणूस वर्षातून एकदा यायचा, चहा पिऊन जायचा. मग नियम कडक झाले. ड्रग इन्स्पेक्टर गावात आल्याची कुणकुण लागली की बसस्टँडपासून बाजारपेठेपर्यंत मेडिकलची निम्मी शटर खाली यायची. आप्पांचंही यायचं. त्याला कंटाळून त्यांनी थोरल्या मुलासाठी बी.फार्म. झालेली मुलगी शोधली. आमच्याकडं मेडिकलवाल्यांच्या घरात हे सर्रास चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मला बघायला आले तेव्हा स्वयंपाकाचं कुणी विचारलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही. आप्पांनी खिशातून एका डॉक्टरांची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. त्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून सोडावी तसं. मी चिठ्ठी धडाधडा वाचली. आप्पा आईंकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, बघून हसले आणि म्हणाले, "काउन्सिलचं रजिस्ट्रेशन झालंय ना?" झालं होतं. अंगावरची हळद निघायच्या आत माझं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर गणपतीशेजारी लागलं. आप्पा सकाळी गणपतीला उदबत्ती ओवाळायचे आणि हात आपसूक पुढं सरकून माझ्या सर्टिफिकेटलाही ओवाळायचा. मला त्याचं तेव्हा फार कौतुक वाटायचं. आपली पूजा होतेय असं वाटण्याचंच ते वय.

आप्पा वाईट नव्हते. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. माझ्या नावानं दुकान चालतं हे ते चारचौघांत सांगायचे. म्हणूनच तर त्यांच्याशी भांडता येत नव्हतं. कॉलेजात पूर्ण वेळ शिकणाऱ्या माणसाला दुकानावर नाव ठेवता येत नाही. मी गेले की नाव जाणार, नाव गेलं की शटर खाली. एवढं सरळ होतं ते. मी पहिल्यांदा पास झाले त्या वर्षी म्हणूनच गेले नाही.

यंदा मात्र आप्पांनी स्वतःहून शब्द दिला होता. इंद्रजितसाठीही फार्मसीवाली मुलगी बघायची. ती आली की तिचं सर्टिफिकेट लावायचं आणि माझं उतरवायचं. "मग तू खुशाल कोल्हापूरला जा," ते म्हणाले होते, "मी सोताच्या हातानं तुझी बॅग उचलतो." त्यामुळं मी काउंटरवर पुस्तक उघडून बसत होते ते इंद्रजितच्या लग्नाच्या भरवशावर. स्वतःच्या लग्नाचीसुद्धा मी एवढी वाट पाहिली नव्हती.

परीक्षा जवळ आली होती आणि मी दमले होते. हे दमणं झोपून जाणारं नव्हतं. गिऱ्हाईक बोलायचं तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द मागाहून पोचायचे. पुस्तकातलं वाक्य वाचलं की अर्धं डोक्यात शिरायचं, उरलेल्या अर्ध्याच्या वेळी कुणीतरी खोकल्याचं औषध मागायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून येत नसेल तो प्रश्न सोडून द्यावा असं म्हणतात. मला तर आलेल्याचीही खात्री वाटेनाशी झाली होती.

अशात तासगावचं स्थळ आलं. मुलीचं नाव केतकी, बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. आप्पा मला म्हणाले की तूही चल, मुलगी तुझ्याच शिक्षणाची, तू चार प्रश्न विचार, म्हणजे आपल्याला अंदाज येईल. त्या दिवशी दुकान दुपारनंतर बंद ठेवलं. आम्ही सगळे गाडीनं गेलो: आप्पा, आई, रणजित, इंद्रजित आणि मी.

केतकीच्या वडिलांचं घर साधं, नीटनेटकं. ते शाळेत शिक्षक होते. पोहे झाले, चहा झाला. मुलगी उंच, चष्मा लावणारी, बोलताना समोरच्याकडं थेट बघणारी. इंद्रजितला ती बघताक्षणीच आवडली असणार, कारण तो पोह्यातले शेंगदाणे वेचून बाजूला ठेवत होता आणि एरवी त्याला तेवढेच आवडतात. आप्पांनी खिशातून चिठ्ठी काढली. तेच डॉक्टर, तेच अक्षर.

केतकीनं चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली आणि म्हणाली, "ही रक्त पातळ राहायची गोळी आहे आणि ही अंगदुखीची. दोन्ही एकत्र देताना मी आधी डॉक्टरांना फोन करीन."

"डॉक्टर चिडत्यात असल्या फोननं," आप्पा हसत म्हणाले.

"चिडू देत. पेशंटला रक्तस्राव झाला तर?"

आप्पांनी मान डोलावली, पण किंचित उशिरा. मला मनातून बरं वाटलं. मग त्यांनी मला खूण केली आणि मी केतकीबरोबर आतल्या खोलीत गेले.

आत गेले आणि बघते तर भिंतभर कागद चिकटवलेले. औषधांचे गट, त्यांची कामं, दुष्परिणाम, सगळं रंगीत पेनांनी लिहिलेलं. अडुळसा होता, धोतराही होता, रंध्रांच्या आकृत्यांसकट. मी न विचारताच ती म्हणाली की मी जीपॅट देतेय. कोल्हापूर सेंटर. मी म्हटलं, मीही. तीच तारीख, तेच सेंटर.

मग आम्हा दोघींना काय झालं कुणास ठाऊक, आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायला लागलो. क्षयाच्या कुठल्या औषधानं लघवी केशरी होते, कुठल्या गोळीबरोबर बी-सिक्स द्यावं लागतं, असले प्रश्न. ती माझ्यापेक्षा भराभर सांगत होती. मला फक्त एकदा तिच्या पुढं जाता आलं. कितीतरी महिन्यांत मी कुणाशी असं बोलले नव्हते. घरात मी जे बोलायचे ते बिलाचं, मालाचं किंवा भाजीचं. पलंगावर मांडी घालून आम्ही हसत होतो आणि बाहेर आईंना वाटलं असेल की जावाजावांचं आत्तापासूनच जमलं.

मग तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"ताई, एक विचारू? दुकानात बसून तुमचा अभ्यास होतो का?"

मला नुसतं 'होतो' म्हणायचं होतं. गाडीतून येताना मी ठरवलंही होतं, असं काही विचारलं तर म्हणायचं, आप्पा फार समजूतदार आहेत, अभ्यासाला कुणाची ना नाही. त्यात खोटं असं काही नव्हतं. हिनं हो म्हटलं की मी सुटणार होते. कोल्हापूरचं कॉलेज, तिथलं वसतिगृह, खिडकीशी टेबल, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं.

"नाही होत," मी म्हणाले.

"मग लग्नानंतर मला परीक्षा देऊ देतील ना?"

"देऊ देतील. पास झालीस तर पेढे वाटतील. कुणी तुला नको जाऊ म्हणणार नाही. फक्त एवढंच विचारतील, की तू गेलीस तर दुकान कुणाच्या नावावर चालवायचं."

शिक्षकाच्या घरातली मुलगी, तिला पुढचं कळायला वेळ लागला नाही.

"आत्ता तुमच्या नावावर आहे."

"हो."

"आणि मी आले की..."

"तू आलीस की माझं उतरणार. मग मी जाणार शिकायला."

"मग मला कशाला सांगितलंत?"

मी मोठ्या मनाची बाई आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी म्हटलं, "फार दमलेय गं मी. खोटं बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो."

बाहेर आल्यावर तिनं सगळ्यांच्या समोर, अगदी शांतपणे सांगितलं. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत, माझी ना नाही. पण माझं सर्टिफिकेट दुकानाला लागणार नाही, मी पुढं शिकणार आहे. तेवढं चालत असेल तर मला पसंत आहे. तिच्या वडिलांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आप्पांकडं, आणि मग सावकाश म्हणाले की मुलीचं म्हणणं तेच आमचं म्हणणं. आप्पा म्हणाले, कळवतो. कळवतो म्हणजे काय ते दोन्ही घरांना माहीत होतं. इंद्रजितनं उठताना बशी खाली ठेवली तेव्हा सगळे शेंगदाणे तिच्यात तसेच होते.

आम्ही गाडीनं परत निघालो. द्राक्षांच्या बागा मागं पडत होत्या. पहिल्यांदा आईच बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट हळहळ होती.

"पोरगी लाखात एक हुती. दिसायला, बोलायला. पर सर्टिफिकेट देत न्हाई म्हणती. मग नुसती पोरगी घरात आणून काय करायचं?"

रणजित हसला. "खरं हाय," म्हणाला.

मी खिडकीशी बसले होते. आई माझ्या शेजारी, त्यांच्या मांडीवर माझी पर्स. त्यांनी ते मला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. मी गाडीत आहे हे त्यांच्या लक्षात होतं, पण त्यात मला लागण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आपल्या घरातल्या माणसासमोर मोकळं बोलावं तसं त्या बोलल्या. मला आठवलं ते एवढंच, की मला बघून हे सगळे असेच एका गाडीतून परत आले असतील. तेव्हा आई काय म्हणाल्या असतील? पसंत पडले मी, म्हणजे नुसती नव्हते.

इंद्रजित पुढं आप्पांशेजारी बसला होता. तो म्हणाला, "मला चाललं असतं." कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग आप्पांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "वृषाली, यंदा जरा थांबावं लागंल, पोरी. दुसरं स्थळ बघतो. परीक्षा काय, पुढल्या वर्षी बी हाय."

"नाही थांबणार," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, असं बोलायची वेळ आलीच तर माझा आवाज थरथरेल, रडू येईल. तसलं काही झालं नाही. रागानं जे कधी जमलं नव्हतं ते त्या दमण्यानं करून टाकलं. मी म्हणाले की या महिनाअखेरीला मी माझं नाव काढून घेते. इन्स्पेक्टरच्या ऑफिसला एक अर्ज द्यायचा असतो, तो मी देते. तोवर माणूस बघा.

"अगं, अजून परीक्षा व्हायचीय," रणजित म्हणाला. "नापास झालीस तर?"

"तर नापास फार्मसिस्ट घरात बसेल. पण नाव काढणार."

"ह्या गावात माणूस कुठनं मिळायचा?" आप्पा म्हणाले. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. तालुक्याच्या गावाला फार्मसिस्ट टिकत नाही, शिकलेली पोरं पुण्याला पळतात, म्हणून तर घरातलं माणूस हवं. खरंच मिळणार नाही असं मलाही वाटत होतं. दुकान बंद पडलं तर साऱ्या भावकीत माझं नाव निघणार हेही दिसत होतं, आणि तरी मी तोंड फिरवून बागा बघत बसले.

पुढचे दिवस वाईट गेले. घरात भांडण झालं नाही, नुसतं सगळे हळू आवाजात बोलायला लागले. रणजितनं समजावून बघितलं, मग अबोला धरला. आई माझ्या आईला फोन करून रडल्या. मी अर्ज लिहिला, सही केली, पोस्टात टाकला आणि परत येऊन काउंटरवर बसले. एवढी वर्षं अडलेलं सगळं त्या एका सहीवर अडलं होतं.

पुढं परीक्षा झाली, मी पास झाले, गेले, शिकले. केतकी सेंटरवर भेटली होती. तिचे गुण माझ्यापेक्षा बरेच जास्त आले. त्या भागात फार सांगण्यासारखं नाही, परीक्षा सगळ्यांच्या सारख्याच असतात. मला सांगायचंय ते गुरव आले त्या दिवसाचं.

कारण माणूस मिळाला. अर्ज टाकून आठवडाही झाला नव्हता. आप्पांनी औषधांच्या एजन्सीतून माल घेऊन येणाऱ्या माणसाला सहज विचारलं आणि तो म्हणाला, खानापूरला एक गुरव म्हणून आहेत, त्यांच्या मालकानं दुकान विकलं, ते काम शोधतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव मोटारसायकलवरून हजर. चाळिशीचे, केस तेल लावून चापलेले, सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. पगाराचं आणि राहायच्या खोलीचं दोन मिनिटांत ठरलं. आप्पा एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः स्टूलावर चढून भिंतीवरची माझी फ्रेम काढली आणि माझ्या हातात दिली.

मी गुरवांना कुठल्या कपाटात काय ते दाखवत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग आप्पांकडं वळून विचारलं, "मालक, जेवायची सुट्टी कितीला?"

"एक ते तीन," आप्पा म्हणाले. एक क्षणही थांबले नाहीत. "खोलीवर जावा, निवांत जेवा, जरा आडवं व्हा. दिवसभर उभं राहायचं काम हाय."

"आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर?"

"थांबतंय की गिऱ्हाईक. न्हाईतर तीननंतर या म्हणून मी सांगतो. कुठं पळून जातंय?"

"आठवड्याची सुट्टी?"

"रविवार तुमचा. आमी शटरच उघडणार न्हाई त्या दिवशी."

मी फ्रेम छातीशी धरून उभी होते. त्या काउंटरमागं मी कधी बसून जेवले नव्हते. डबा उघडा ठेवून एक घास आणि एक गिऱ्हाईक असं चालायचं, आणि रविवारी तर बाजाराची गर्दी असायची. कुणी मला जेवू नको म्हटलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं आणि त्यांना सुचलं नव्हतं, आणि आज या परक्या माणसानं विचारलं तर आप्पांच्या तोंडी उत्तर तयार होतं.

तेव्हा मात्र मला रडू फुटलं, गाडीत आलं नव्हतं ते सगळं. गुरव संकोचून रस्त्याकडं बघायला लागले. आप्पा जवळ आले. त्यांचेही डोळे भरले होते. दुकान सुटतंय म्हणून मला वाईट वाटतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नको, पोरी," ते म्हणाले. "सुट्टीला आलीस की बसत जा की काउंटरवर. दुकान तुझंच हाय."